फाटक्या तिकिटांचं टेबल

काका पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात सात फाटकी तिकिटं होती आणि त्यांना फक्त तिकिटांच्या मागच्या बाजूची झेरॉक्स हवी होती. नायगावला बीडीडी चाळींच्या तोंडाशी माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघते. दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकं लावून माझी जीभ जरा तिखट झालेली आहे. मी म्हणाले, "काका, मॅच पुढे छापलीय. मागे नुसतं पेन्सिलीचं गिचमिड आहे."

"मॅच राहू दे गो," ते म्हणाले. "माणसं मागे आहेत."

मग मी वाचलं. एका तिकिटामागे बारीक अक्षरात होतं: 'मेहुण्याच्या शेजारी बसलो. डब्यात थालीपीठ. चहापानानंतर मेहुण्याशी भांडण, दोघं वेगवेगळे घरी.' दुसऱ्यामागे: 'पत्नी पहिल्यांदाच आली. ऊन लागलं म्हणून वर्तमानपत्राची टोपी करून दिली. टोपी अजून घरी आहे.' कोण जिंकलं, किती धावा झाल्या, याबद्दल अवाक्षर नाही. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण ती सात तिकिटं मी तीनदा वाचली आणि तेवढा वेळ दोन गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली.

काकांना जाऊन आता वर्ष होईल. गेले तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. उमेदीची थोडी वर्षं गिरणीत, ती बंद पडल्यावर परळला औषधांच्या एका गोदामात. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली. पेन त्यांनी कधी वापरलं नाही. "माणूस सांगताना चुकतो," असं त्यांचं म्हणणं. "मग घरी जाऊन बायकोला विचारतो आणि पुढच्या खेपेला येऊन सांगतो, काका, तो मेहुणा नव्हता, चुलत भाऊ होता. खोडता आलं पाहिजे."

ते जमवायचे ती मैदानात जाऊन आलेल्यांची तिकिटं. गेटवर फाडल्यावर प्रेक्षकाच्या हातात उरतं ते अर्धुक. क्रिकेटचे कसोटी सामने, लालबागची कबड्डी, कुस्त्या, कॅरमच्या स्पर्धा, काहीही चालायचं. कोणी त्यांना सह्यांची बॅट दाखवली तर ते बॅटीकडे न बघता दाखवणाऱ्याला विचारायचे, "त्या दिवशी तुम्ही कोणाच्या बाजूला बसला होतात?" माणूस गोंधळायचा. काका शांतपणे सांगायचे, "खेळाडूंचं सगळं जपलं जातं. बॅट, ग्लोव्ह्ज, घामाचा शर्टसुद्धा. आत खेळतात मोजके. बघायला येतात हजारो, पोटाला चिमटा काढून. ते आले होते ह्याचा पुरावा कोण ठेवणार?"

हे सगळे पुरावे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत असायचे. पुनर्विकासासाठी चाळीतली खोली रिकामी करावी लागली तेव्हा काकांचा संसार एका फेरीत हलला आणि डबे तीन फेऱ्यांत. भाड्याच्या नव्या जागेत डबे पलंगाखाली, माळ्यावर आणि सुनेच्या डोळ्यांत. वर्षातून दोन रविवार मात्र ते डबे उघडायचे. दादरच्या एका हॉलमध्ये खेळाच्या वस्तू जमवणाऱ्यांचा मेळावा भरायचा आणि तिथे जिन्याच्या दारापाशी काकांचं टेबल असायचं. त्या हजारो बघ्यांना उजेडात बसायला मिळणारी ती एवढी एकच जागा. ते टेबल गेलं असतं तर डबे पलंगाखालीच राहिले असते, आणि काकांच्या मागे सुनेनं त्यांचं काय केलं असतं ते वेगळं सांगायला नको. ते टेबल जायची वेळ आली होती. ती हकिकत सांगायचीच आहे, पण आधी हा माणूस काय चीज होता ते कळायला हवं.

जमवणाऱ्यांच्या दुनियेत मान असतो तो न फाटलेल्या तिकिटाला. कोरं, घडी न पडलेलं, जसं छापलं तसं. काकांच्या लेखी ती रद्दी. "फाटलं नाय म्हणजे माणूस आत गेला नाय," एवढ्यात विषय संपला. एकदा खोताच्या वाडीतले एक गृहस्थ मोठ्या ऐटीत एका गाजलेल्या सामन्याचं अखंड तिकीट घेऊन आले. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. काकांनी ते बघितलं न बघितलंसं केलं आणि परत दिलं. गृहस्थ दुखावले. मग काकांनी विचारलं, "गेला का नाहीत?"

"निघालो होतो हो. वाडीच्या तोंडाशी पोचलो आणि मागून हाक आली, मिसेसना कळा सुरू झाल्या म्हणून. मुलगी झाली."

"आता कुठे असते?"

"वसईला. तिला हे माहीतसुद्धा नाही. सांगायचं काय, तुझ्यामुळे माझी मॅच चुकली?"

काकांनी तिकीट परत मागून घेतलं, पेन्सिल काढली, मागे तीन ओळी लिहिल्या आणि त्या दिवसापासून एक नवा डबा सुरू केला. डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'गेटपर्यंत न पोचलेले'. गृहस्थ तिकीट तिथेच ठेवून गेले. हळूहळू त्या डब्यात आणखी तिकिटं आली. कोणाची आई त्या सकाळी गेली, कोणाला अचानक ओव्हरटाइम लागला, एकाला त्याच दुपारी मुलगी बघायला नेलं. कोरी तिकिटं तुच्छ मानणाऱ्या माणसाने कोऱ्या तिकिटांची एवढी कदर केलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

मेळाव्याला मी पहिल्यांदा गेले ती मोठ्या करून घेतलेल्या झेरॉक्स पोचवायला. तेव्हा गर्दी असायची ती निवृत्त मंडळींची. बँकेतले, पोस्टातले, गिरणीतले. काकांच्या टेबलासमोर एकच खुर्ची. तिच्यावर बसलेला माणूस पाऊण तास उठायचा नाही आणि मागे चार जण उभे. मेळाव्याला प्रवेश मोकळा होता, तरी काका माझ्याकडून पिवळ्या कार्डपेपरवर तिकिटं छापून घ्यायचे. आलेल्या प्रत्येकाला दारात एक द्यायचे, लगेच फाडायचे, अर्धं त्याच्या हातात, अर्धं स्वतःकडे. कमिटीवाले हसायचे, पण किती लोक आले हे संध्याकाळी त्यांना काकांनाच विचारावं लागायचं.

त्या अर्धुकांची जुडी माझ्या डोळ्यांदेखत बारीक होत गेली. सुरुवातीला तिला दोन रबर बँड लागायचे. मग एक पुरला. मग एका रविवारी रबर बँड लावण्यासारखं काही उरलंच नाही. न आलेल्यांपैकी बरेच जण भिंतीवरच्या फोटोत गेले होते, उरलेल्यांना दोन मजले चढवत नव्हते. त्या रविवारी टेबलं चाळीस आणि आलेली माणसं अकरा. दोन वाजता लोकांनी आवरायला घेतलं. काका सहापर्यंत बसून राहिले. मी कुरकुरले तर म्हणाले, "अकरा म्हणजे टीम झाली की."

याच सुमाराला माझ्या हातून ती गोष्ट घडली. तिची लाज मला अजून वाटते.

लालबागच्या कबड्डीच्या एका फायनलचं तिकीट काकांकडे होतं. पूर्वी बाकड्यांच्या गॅलऱ्या बांधत. ज्याचं तिकीट होतं त्याने सांगितलं होतं, एका बाकड्यावर आम्ही सात जण होतो. काकांनी ते सात जण शोधायला घेतले. एकेक करून वर्षानुवर्षं शोधले, आणि जो सापडेल त्याच्याकडून त्याच तिकिटामागे, त्याच्याच हाताने नाव लिहून घेतलं. सहा झाले. सातवा गावी, देवगडला होता, आणि तो पुढच्या मेळाव्याला येतो असा निरोप आला. शुक्रवारी काकांनी ते तिकीट मोठ्या झेरॉक्ससाठी माझ्याकडे ठेवलं. कागद इतका जुना की घडीवर तुटायला आलेला. मला वाटलं, एवढ्या मोलाची वस्तू अशी उघडी काय ठेवायची. मी लॅमिनेट करून टाकलं.

आमच्याकडे लॅमिनेशन म्हणजे जपणूक. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, देवाचा फोटो, वडिलांचं शेवटचं पत्र, लोक डोळ्यांत पाणी आणून लॅमिनेट करून नेतात. जमवणाऱ्यांत मात्र जुन्या कागदाला असं गरम प्लास्टिक लावणं म्हणजे खून. मला ते माहीत नव्हतं. काकांनी शनिवारी तिकीट हातात घेतलं, प्लास्टिकवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "छान झालंय." मी दिवसभर खुशीत.

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात शेजारच्या टेबलावरचे एक जण ते बघून ओरडलेच, "हे कोणी केलं?"

"मी," काका म्हणाले. "कागद सुटायला लागला होता."

"इतकी वर्षं जमवताय आणि एवढं कळत नाही?" ते लोकांना बोलावून दाखवायला लागले. कोणीतरी हळूच म्हणालं की म्हातारा आता गेला कामातून. मी दोन हात अंतरावर उभी होते. काकांनी माझ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही, बघितलं असतं तर लोकांना कळलं असतं.

आणि त्यात तो सातवा माणूस आला. पुतण्याचा हात धरून, काठी टेकत, धापा टाकत. सहा नावं एकेक करून वाचली, दोन नावांवर बोट थांबलं, डोळे पुसले. मग म्हणाले, "पेन्सिल द्या." काकांनी दिली. पेन्सिल प्लास्टिकवरून घसरली. पुन्हा घसरली. मला वाटलं जमीन फाटून मला आत घेईल तर बरं.

देवगडच्या म्हाताऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "ह्या बरा झाला," ते म्हणाले. "बाकडा सहा जणांचाच होता. मी खाली पायरीवर बसलेलो."

ते खरं होतं, की माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी तसं म्हटलं, ते मला आजही माहीत नाही. काका मात्र असे उजळले की विचारू नका. त्यांनी एक कोरी पट्टी काढली, म्हाताऱ्यांकडून तिच्यावर नाव लिहून घेतलं, खाली स्वतः लिहिलं, 'पायरीवर', आणि पट्टी तिकिटाला बांधून ठेवली. सोमवारी मी दुकानाचं शटर वर करते तर काका झेरॉक्ससाठी आणखी जुन्या तिकिटांचा गठ्ठा घेऊन बाहेर उभे. मला रडूच कोसळलं. "तू जपायलाच गेलीस ना," एवढंच म्हणाले आणि आख्खा गठ्ठा माझ्या हातात देऊन निघून गेले. माझ्या आयुष्यात माझ्यावर एवढा विश्वास दुसऱ्या कोणी टाकलेला नाही.

टाळेबंदीत मेळावे बंद पडले. पुन्हा सुरू झाले तेव्हा सगळंच पालटलं होतं. आता पोरं येत होती, शेकड्यांनी. फुटबॉलपटूंची आणि क्रिकेटपटूंची कार्डं, चकचकीत पाकिटांत बंद. पाकीट फोडायचं आणि फोडताना मोबाइलवर सगळ्या जगाला दाखवायचं. भारी कार्ड निघालं की ते कडक प्लास्टिकच्या डबीत जायचं. लाइन हॉलच्या दारापासून दोन मजले खाली, फूटपाथवर आणि कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानाला वळसा. काकांच्या पिवळ्या तिकिटांना सुट्टी मिळाली, आता मोबाइलवरचा चौकोन दाखवून आत जायचं. अकरा माणसांचा मेळावा पाहिलेल्या काकांना या गर्दीचं कोण कौतुक. "बघ गो, केवढी माणसं," एवढंच म्हणत राहायचे. ती माणसं काकांच्या टेबलावरून सरळ पुढे जायची, ते काही त्यांना दिसत नव्हतं. म्हणजे मला तसं वाटायचं.

मेळावा आता निखिल नावाचा तिशीतला मुलगा बघायचा. लालबागचाच. आजोबांच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहणारा, कंपनीत नोकरी, स्वतः मोठा कार्डवाला. पोरगा वाईट नव्हता. दुकानात येऊन काकांसमोर उभा राहून सरळ बोलला.

"काका, टेबलं चाळीस आहेत आणि मागणारे दीडशे. तुमच्याकडे कोणी थांबतच नाही ना, मी मेळाव्याच्या व्हिडिओत चेक केलं. या वेळी बसा तुम्ही. पब्लिक थांबलं तर प्रॉब्लेम नाही. नाहीतर पुढच्या वेळी मला टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल. सॉरी."

"बरोबर आहे तुझं," काका म्हणाले. मला निखिलपेक्षा काकांचाच राग आला.

त्या रविवारी एक वाजेपर्यंत काकांच्या टेबलाशी तीन जण थांबले. दोघांनी मुतारी कुठे आहे विचारलं. तिसऱ्याने 'गेटपर्यंत न पोचलेले' या डब्यावर थंड कॉफीचा ग्लास ठेवला आणि पाकीट फोडायला लागला. मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा पाकीट विसरून गेला. काका खुर्ची अर्धी वळवून जिन्याकडे बघत बसले होते. एवढं सगळं जमवलं आणि शेवटी डबे पलंगाखाली जाणार.

"बाय," काका म्हणाले, "ह्यांना आत आल्यावर वेळ नाय. पण बाहेर तासभर नुसती उभी आहेत." उरलेल्या पिवळ्या तिकिटांचा गठ्ठा त्यांनी पिशवीतून काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि कुरकुरते गुडघे घेऊन जिना उतरले.

अर्ध्या तासाने मी बघायला गेले. काका फूटपाथवर लाइनीच्या शेपटीपासून सुरुवात करून वर सरकत होते. प्रत्येकाला एकच प्रश्न, "पहिली मॅच कोणाबरोबर बघितलीस?"

"काका, तिकीट मोबाइलवर होतं. मोबाइल बदलला, गेलं ते."

"तिकीट गेलं. तू गेला होतास ना?"

दाढीवाल्या पोराने मोबाइल खिशात टाकला. "बाबांबरोबर. म्हणजे ते सिक्युरिटीत होते, ड्युटीवरून डायरेक्ट आले, शेवटच्या पाच ओव्हरला. तोपर्यंत मी त्यांची खुर्ची बॅग ठेवून अडवली होती. लोक शिव्या देत होते."

काकांनी पिवळ्या तिकिटामागे ते सगळं लिहिलं, त्याच्याकडून वाचून घेतलं, तिकीट फाडलं आणि अर्धं त्याच्या हातात दिलं. पोरगा त्या तुकड्याकडे बघत राहिला आणि लाइन पुढे सरकली तरी जागचा हलला नाही. मागच्या मुलीने सांगितलं की तिची आई ऑफिसला दांडी मारून तिला कबड्डीला घेऊन गेली आणि घरी कोणाला अजून सांगितलेलं नाही. काकांनी विचारलं, "लिहू?" ती म्हणाली, "लिहा. पण आईचं नाव नको." पुढे गेलेले दोघं जिन्यावरून परत खाली आले, "काका, आमचं राहिलं." गठ्ठा संपला. मी टॅक्सी करून दुकानात गेले, आणखी पिवळी तिकिटं छापली आणि परत आले तेव्हा लाइन जिथल्या तिथे होती. माणसं पुढे जायलाच तयार नव्हती.

वर हॉलमध्ये माणसं येईनात म्हणून निखिल खाली बघायला आला. जिन्यात उभा राहून बराच वेळ बघत होता. मग काकांजवळ गेला आणि म्हणाला, "काका, टेबल तुमचंच. पुढच्या वेळी पण, नेहमीसाठी. मी चुकलो."

"टेबल नको रे," काका म्हणाले. "दे कोणाला तरी, दीडशे जण मागतायत. मला लाइन दे."

निखिलने मान डोलावली.

काका आणि मी डबे आवरायला वर गेलो. मी चिडले होते. मिळालेलं टेबल कोणी असं सोडतं का? "आता हे डबे कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"तुझ्या दुकानात. लोक झेरॉक्सला येऊन ताटकळतात. ताटकळणाऱ्या माणसाला वेळ असतो."

मी डबे एकावर एक रचत होते आणि एकदम लक्षात आलं की इतक्या वर्षांत ही एक गोष्ट मी विचारलीच नव्हती, कोणीच विचारली नव्हती. "काका, तुमचं स्वतःचं अर्धुक कुठल्या डब्यात आहे? तुमची पहिली मॅच?"

"माझा नाय गो."

"हरवलं?"

"मी एकपण मॅच बघितलेली नाय."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते डब्याचं झाकण बसवत होते आणि ते नीट बसत नव्हतं.

"मंडळाच्या कबड्डीला पंधराव्या वर्षापासून मला गेटवर उभा करायचे," ते म्हणाले. "तिकीट फाडायचं, माणूस आत सोडायचा. पाठ मैदानाकडे. आतून आवाज उठला की बाहेरचे विचारायचे, काय झालं? मी आवाजावरून सांगायचो, पकडला वाटतं. कधी बरोबर निघायचं, कधी नाय."

"आणि नंतर? एकदाही आत जावंसं वाटलं नाही?"

"कधी जाणार? माणसं येतच होती."

मी डबे उचलले. काका पुढे, मी मागे. जिन्याच्या वरच्या पायरीवर ते जरा थांबले. खाली दोन मजले लाइन होती आणि सगळी तोंडं त्यांच्याकडे होती.